एका तारेवर परत आलेला माणूस

ऑस्ट्रेलिया ३२ तबकड्या फुकट द्यायला तयार होता. घोडं अडलं होतं ते बोटीच्या भाड्यावर.

गोष्ट १९५५ची. गोविंद स्वरूप हा २६ वर्षांचा तरुण कोलंबो योजनेतून सिडनीला जाऊन, रेडिओ खगोलशास्त्राचे पहिले धडे गिरवून दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत परतला होता. सिडनीजवळच्या पॉट्स हिलला सूर्याचा वेध घेण्यासाठी सहा-सहा फुटी तबकड्यांची एक रांग उभी होती. तिथलं त्यांचं काम संपलं होतं, त्या मोडीत निघायच्या होत्या. मोडीत काढण्यापेक्षा आम्हाला द्या, असं स्वरूप यांनी सुचवलं आणि तिथल्या मंडळींनी ते आनंदाने मान्यही केलं. उरला फक्त वाहतुकीचा खर्च, सुमारे ७०० पौंड. आपल्या बाजूचं म्हणणं असं पडलं की देणाऱ्यानेच पोचवण्याचाही खर्च सोसावा. पत्रं जात राहिली, येत राहिली. १९५६ मध्ये स्वरूप अमेरिकेला निघून गेले. तबकड्या पुढे केव्हातरी दिल्लीला पोचल्या आणि पडून राहिल्या, कारण त्या वापरणारा माणूसच आता देशात नव्हता.

त्या फाइलवर शेरा मारणाऱ्याला मी खलनायक ठरवणार नाही. परकीय चलनाची चणचण खरी होती, आणि पौंड न पौंड जपून वापरायचा हे त्याचं कामच होतं. फक्त ७०० पौंड वाचवताना आपण काय गमावतो आहोत, हे त्याच्या रकान्यात कुठे बसत नव्हतं. आजही बसत नाही. सरकारने विज्ञानाला पैसे द्यावेत की नाही यावर आपल्याकडे भाषणं पुष्कळ होतात. पैसे कधी द्यावेत, कोणाच्या सहीने द्यावेत आणि दिल्यावर किती वर्षं त्या माणसाच्या मागे लागू नये, यावर मात्र फारसं कोणी बोलत नाही. माझ्या मते खरी मेख तिथे आहे, आणि ती पाहायला पुण्याहून नाशिक रस्त्याला लागून नारायणगावपर्यंत गेलं तरी पुरे.

पण त्याआधी तारेची गोष्ट सांगायला हवी.

१९६१च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचं महाअधिवेशन भरलं होतं. एव्हाना स्वरूप यांनी स्टॅनफर्डमध्ये रोनाल्ड ब्रेसवेल यांच्या हाताखाली पीएच.डी. पुरी केली होती आणि तिथेच त्यांना नोकरीही मिळाली होती. परदेशात रेडिओ खगोलशास्त्रात काम करणारे आणखी तीन भारतीय होते : टी. के. मेनन, मुकुल कुंडू आणि टी. कृष्णन. चौघांनी मिळून देशातल्या प्रमुख विज्ञानसंस्थांच्या धुरिणांना एक प्रस्ताव पाठवला. आम्ही चौघं परत यायला तयार आहोत, आम्हाला एकत्र काम करू द्या, असा त्याचा मथितार्थ. चौघांपैकी एकानेही पगार किती, बंगला कुठे, असला प्रश्न त्यात घातला नव्हता.

पत्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) होमी भाभांकडेही गेलं. भाभांनी या क्षेत्रातल्या परदेशी जाणत्यांकडे चौघांविषयी चौकशी केली आणि १९६२च्या जानेवारीत तार धाडली : रेडिओ खगोलशास्त्राचा गट काढायचं आम्ही ठरवलं आहे, सविस्तर पत्र मागाहून. मागाहून आलेल्या पत्रात आणखी एक गोष्ट होती. तुमच्या गटाने अपेक्षा पुऱ्या केल्या तर आज डोळ्यांसमोर आहे त्यापेक्षा खूप मोठी उपकरणं इथे उभी राहू शकतील, असं भाभांनी लिहिलं होतं.

या व्यवहारात काय नव्हतं ते पाहण्यासारखं आहे. जाहिरात नव्हती. कुठल्या योजनेखाली अर्ज केला आहे, हा प्रश्न नव्हता. पाच वर्षांत अमुक इतके शोधनिबंध, अशी अट नव्हती. आधी माणूस हेरावा आणि मग त्याच्याभोवती संस्था उभी करावी, ही जर्मनीच्या कैसर विल्हेल्म संस्थेची रीत भाभांना पसंत होती आणि ते ती बोलूनही दाखवत. या रीतीचे धोके उघड आहेत. निवडणारा भाभा असेल तर ठीक, नसेल तर तीच रीत वशिल्याचं दुसरं नाव होते. आपल्या विद्यापीठांत त्याची उदाहरणं शोधायला कोणाला लांब जावं लागणार नाही. म्हणूनच नंतर नियम आले, समित्या आल्या, आणि त्या अगदीच विनाकारण आल्या असं म्हणता येत नाही.

चौघांचं पुढे काय झालं, हेही सांगायला हवं, कारण विज्ञानदिनाच्या भाषणांत हा भाग गाळला जातो. स्वरूप १९६३ मध्ये आले आणि राहिले. कुंडू आणि मेनन काही वर्षं येऊन पुन्हा अमेरिका खंडात परतले. कृष्णन या गटात आलेच नाहीत. म्हणजे चारातला एक. आजच्या एखाद्या आढावा समितीपुढे हा हिशेब ठेवला तर ती २५ टक्के यश अशी नोंद करील आणि योजना गुंडाळण्याची शिफारस करील.

पडून राहिलेल्या तबकड्या अखेर टीआयएफआरकडे आल्या आणि १९६५ मध्ये कल्याणजवळ उभ्या राहिल्या. सूर्याचा अभ्यास करणारी ती छोटी दुर्बीण म्हणजे रियाजाची जागा होती. अणुऊर्जा खात्याच्या प्रशिक्षणशाळेतून नुकतीच बाहेर पडलेली विशी-बाविशीची मुलं स्वरूप यांनी हाताशी धरली आणि दोन-चार वर्षांतच त्यांना घेऊन ते निलगिरीत शिरले. ऊटीजवळ त्यांना अशी एक टेकडी हवी होती जिचा उतार उत्तर-दक्षिण असेल आणि तो तिथल्या अक्षांशाइतका, म्हणजे ११ अंशांचा असेल. तशा उतारावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असा अन्वस्ताकार (पॅराबोलिक) पन्हाळीसारखा परावर्तक बसवला की त्याचा आस आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर येतो. मग एकाच आसावर तो फिरवत राहिलं तरी आकाशातल्या एखाद्या स्रोताचा साडेनऊ तास पाठलाग करता येतो. भूगोलानेच अर्धं यंत्र बनवून दिलं म्हणायचं. १९७० मध्ये ऊटीची दुर्बीण चालू झाली. तिचं काम बघायला भाभा नव्हते; १९६६च्या जानेवारीत मॉं ब्लांवर त्यांचं विमान कोसळलं होतं. पण त्यांच्या पश्चात कोणी तो प्रकल्प बासनात बांधला नाही, हेही लक्षात ठेवण्याजोगं आहे.

ऊटीने काय दिलं? चंद्र एखाद्या दूरच्या रेडिओ स्रोतासमोरून सरकतो तेव्हा त्या स्रोताचा संदेश कसा मावळतो, हे टिपून शेकडो स्रोतांचे आकार मोजले गेले. स्वरूप आणि विजय कपाही यांनी १९७५ मध्ये त्या मोजमापांतून दाखवलं की स्रोत जितके दूर, म्हणजे जितके जुन्या काळातले, तितके त्यांचे गुणधर्म वेगळे. विश्व सर्वकाळ सारखंच आहे असं मानणाऱ्या स्थिरस्थिती सिद्धान्ताला हा धक्का होता. आता गंमत पाहा. त्याच सिद्धान्ताचे जगातले एक खंदे पुरस्कर्ते तेव्हा त्याच टीआयएफआरमध्ये, त्याच सरकारी पैशावर काम करत होते. त्यांचं नाव जयंत नारळीकर.

नारळीकरांचं परतणं मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. कोल्हापुरात जन्म, बनारसला शिक्षण, केंब्रिजमध्ये फ्रेड हॉयल यांच्याबरोबरचं काम, १९६५ मध्ये सत्ताविसाव्या वर्षाच्या आत पद्मभूषण, आणि १९७२ मध्ये टीआयएफआर. ते परत आले याचं कौतुक घराघरांत झालं. मला त्याहून कौतुकाची वाटते ती त्यांनी १९८८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आधाराने पुण्यात उभी केलेली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था. परदेशातून कोण येतो याची वाट न पाहता, अकोल्याच्या किंवा गोरखपूरच्या महाविद्यालयात शिकवणारा, ग्रंथालय नसलेला, संगणक नसलेला प्राध्यापक सुट्टीत येऊन तीन आठवडे राहील, वाचेल, काम करील आणि परत जाईल, अशी ती व्यवस्था होती. गुणवत्ता आकर्षित करणं म्हणजे विमानतळावर हार घेऊन उभं राहणं, अशी आपली एक समजूत आहे. आयुकाने ती निम्मी तरी मोडली. आणि विश्वाच्या जन्माबद्दल ज्यांचं आयुष्यभर पटलं नाही अशा दोघांनी उभारलेल्या संस्था, आयुका आणि स्वरूप यांचं राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, पुणे विद्यापीठाच्या आवारात एकमेकींना खेटून उभ्या आहेत. लोकांच्या पैशातून चाललेल्या विज्ञानाचं याहून निरोगी लक्षण मला ठाऊक नाही.

आता खोडद, स्वरूप यांच्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीचं गाव. जायचं तर २८ फेब्रुवारीला जावं. एरवी पूर्वपरवानगी लागते. राष्ट्रीय विज्ञान दिनाला मात्र दरवाजे उघडे असतात. नारायणगाव मागे पडलं, की टोमॅटोचे क्रेट भरलेले टेम्पो आणि द्राक्षांचे मांडव यांच्यामधून रस्ता पूर्वेला जातो. तमाशाच्या फडांच्या सुपाऱ्या जिथे ठरतात, तेच हे गाव. फडमालकांच्या राहुट्यांपासून काही मैलांवर जगभरचे खगोलशास्त्रज्ञ दुर्बिणीचा वेळ मिळावा म्हणून अर्ज करतात, हा शेजार मला फार आवडतो. प्रवेशद्वाराशी मोबाइल बंद करायला सांगतात आणि ते नुसतं शिस्तीसाठी नसतं. आत शाळांच्या बस लागलेल्या असतात. पुठ्ठ्याचे, थर्माकोलचे, सायकलच्या चाकाचे प्रयोग मांडून जुन्नर-आंबेगावची पोरं उन्हात उभी असतात, पाठ केलेलं सांगतात, आणि कुणी मधेच प्रश्न विचारला की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

आणि त्यांच्या डोक्यावर ४५ मीटर व्यासाची तबकडी असते. अशा ३० आहेत. १४ इथे एका चौरस किलोमीटरच्या आसपास दाटीने, उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फाट्यांवर, शेता-शिवारांत विखुरलेल्या. सगळ्या मिळून सुमारे २५ किलोमीटर रुंदीची एकच दुर्बीण असल्यासारखं काम करतात. जवळून पाहिलं तर पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही, की तबकडी आरपार दिसते. तिच्यात पत्रा नाहीच. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी आहे. मध्याजवळ तिची भोकं १० मिलिमीटरची, काठाकडे २०ची. ज्या लहरी ऐकायच्या त्यांची लांबी २१ सेंटिमीटरपासून दोन मीटरपर्यंत. इतक्या लांब लहरींना बोटाएवढं भोक दिसतच नाही, त्यांच्यासाठी जाळी ही भिंतच. वाऱ्याला मात्र ती दिसत नाही, तो सरळ आरपार जातो. नळ्यांच्या सोळा कमानी, त्यांच्यामध्ये बाज आवळावी तसे ताणलेले तारदोर, आणि त्या दोरांवर जाळी. वाऱ्याचा मार कमी, म्हणून पोलाद कमी, म्हणून वजन कमी, म्हणून मोटरी लहान आणि खर्च कमी. पाश्चात्त्य देशांत एवढ्या आकाराची एकेक तबकडी ज्या किमतीला पडते, त्या हिशेबाने ३० मागितल्या असत्या तर दिल्लीत कोणी दारातही उभं केलं नसतं. हाताशी पैसा कमी होता म्हणून हा आराखडा सुचला, असं म्हणतात. ते खरं आहे, पण त्यावरून पैसा कमीच द्यावा असा निष्कर्ष काढणारे लोकही मी पाहिले आहेत.

कल्पना १९८४च्या सुरुवातीची. मंजुरी १९८७. तबकड्या एकेक करत उभ्या राहायला नव्वदचं दशक जवळजवळ सरलं. २००१च्या ऑक्टोबरात रतन टाटांच्या हस्ते दुर्बीण जगातल्या वैज्ञानिकांना अर्पण झाली आणि २००२पासून जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांसाठी खुली झाली. म्हणजे कागदावरच्या पहिल्या आकृतीपासून १८ वर्षं. या काळात दिल्लीत सहा-सात पंतप्रधान झाले, देश आर्थिक दिवाळखोरीच्या दारात जाऊन आला, सोनं गहाण पडलं. पैशाचा झरा बारीक झाला असेल, पण आटला नाही.

पैसे मागताना जे कारण दिलं होतं, त्याचं काय झालं? जीएमआरटीच्या प्रस्तावात एक मोठा उद्देश होता : दीर्घिका जन्मण्यापूर्वी विश्वात हायड्रोजनचे जे अवाढव्य ढग असावेत, असं त्या काळचा एक सिद्धान्त सांगत होता, ते शोधायचे. ते ढग सापडले नाहीत. यंत्र उभं राहीपर्यंत तो सिद्धान्तच मागे पडला होता. महालेखापालाच्या भाषेत याला उद्दिष्ट असफल म्हणावं लागेल.

पण यंत्र रिकामं बसलं नाही. एका तारकागुच्छात दुर्बिणीने नवा स्पंदक (पल्सर) शोधला. २०१६च्या ऑक्टोबरात युरोपचं शियापरेल्ली हे यान मंगळावर उतरत असताना त्याचा क्षीण संदेश पृथ्वीवर थेट ऐकत होती ती खोडदचीच दुर्बीण. यान जमिनीला टेकायच्या थोडंसं आधी तो तुटला, आणि यान कोसळल्याचं नंतर कळलं. त्याच सुमाराला दुर्बिणीची ग्रहणयंत्रणा आणि इलेक्ट्रॉनिक्स बदलून तिची ताकद वाढवली गेली. २०२३च्या जूनमध्ये, वर्षानुवर्षं स्पंदकांच्या ठोक्यांची नोंद ठेवून अतिदीर्घ गुरुत्वीय लहरींची चाहूल लागल्याचं जगातल्या काही गटांनी एकाच वेळी जाहीर केलं. त्यात युरोपीय गटाबरोबर भारत-जपानचा गट होता आणि त्याच्या नोंदी इथल्या होत्या. १९८४ मध्ये असल्या उपयोगाचं नावही प्रस्तावात घालता आलं नसतं.

हायड्रोजनची गोष्टही तिथेच संपली नाही. २०२० मध्ये पुण्याच्या केंद्रातल्या आदित्य चौधरी या विद्यार्थ्याने आपल्या वरिष्ठ सहकाऱ्यांसह साडेसात हजारांहून अधिक दीर्घिकांचे संदेश एकावर एक रचून ८ अब्ज वर्षांपूर्वीच्या हायड्रोजनचं मोजमाप केलं. एकेकट्या दीर्घिकेचा आवाज ऐकू येत नव्हता, सगळ्यांचा मिळून आला. निबंध ‘नेचर’मध्ये ऑक्टोबरच्या मध्यावर आला. गोविंद स्वरूप त्याआधी महिनाभर, ७ सप्टेंबरला, पुण्यात वारले होते.

आता या सगळ्याची किंमत कोण देतं? करदाता देतो, हे उत्तर बरोबर आहे पण अपुरं आहे. जुन्नर-आंबेगावचा माणूस जास्त देतो. दुर्बिणीच्या आसपास उद्योगांवर बंधनं आहेत, मोबाइलच्या मनोऱ्यांवर, विजेच्या वाहिन्यांवर लक्ष असतं. अवकाशातून येणारा संदेश इतका क्षीण असतो की शेजारची एखादी ठिणगीसुद्धा त्याला गिळून टाकते. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा मूळ मार्ग नारायणगाववरून होता. विजेवर धावणाऱ्या गाडीच्या डोक्यावरचा दांडा तारेला घासतो तिथे ठिणग्या उडतात, आणि ठिणगी म्हणजे रेडिओ गोंगाट. जीएमआरटीने हरकत घेतली, आणि मार्ग बदलावा लागेल असं रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी सांगितलं. शिर्डीच्या बाजूने वळसा घालण्याची चर्चा सुरू झाली. तेव्हापासून नारायणगाव, मंचर, संगमनेर इथल्या लोकांचा संताप आहे आणि तो मला गैर वाटत नाही. टोमॅटो ट्रकने पाठवायचा की रेल्वेने, हा त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. दुर्बीण हवी असं पुण्या-मुंबईत बसून म्हणणं सोपं. भुयार, आडोसा, वेगळी विद्युतयंत्रणा, काय शक्य आहे आणि त्याला किती खर्च येईल, हे जाहीरपणे मांडायला हवं होतं, आणि तो खर्च विज्ञानखर्चाचाच भाग धरायला हवा होता. तसं झालं नाही. मग ‘ती तबकडी आमच्या रेल्वेच्या आड आली’ एवढंच गावात उरतं, आणि २८ फेब्रुवारीच्या एका दिवसाने ते पुसलं जात नाही.

देशाच्या पातळीवरचा हिशेब थोडक्यात आटोपतो, कारण तो वर्षानुवर्षं तोच आहे. संशोधनावर होणारा भारताचा एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के. दक्षिण कोरिया आणि इस्रायल ५ टक्क्यांच्या आसपास किंवा वर, चीन अडीच टक्क्यांच्या घरात. आपल्याकडे त्यातही खासगी उद्योगांचा वाटा जेमतेम एक तृतीयांश. २०२३च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झालं. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये, हा आकडा ठळक अक्षरांत छापून आला. बारीक अक्षरांत असं होतं की त्यातले ३६,००० कोटी सरकारबाहेरून, मुख्यतः उद्योगांकडून आणि देणगीदारांकडून यायचे आहेत. २०२५च्या जुलैत एक लाख कोटींच्या संशोधन-विकास निधीला मंत्रिमंडळाने मान्यता दिली. तो खासगी क्षेत्राला स्वस्त कर्ज आणि भांडवल देण्यासाठी आहे, बाजाराच्या जवळ पोचलेल्या तंत्रज्ञानासाठी. चांगलाच आहे. पण ८ अब्ज वर्षांपूर्वीच्या हायड्रोजनवर कर्ज कोण काढणार आणि फेडणार कशातून?

उद्योगपतींनी मूलभूत विज्ञानाला कधी पैसेच दिले नाहीत, असंही नाही. टीआयएफआर मुळात उभी राहिली ती भाभांनी १९४४च्या मार्चमध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टला लिहिलेल्या पत्रावर. पण ट्रस्टने पहिलं पाऊल टाकलं, पुढचा सगळा भार सरकारने उचलला. ३६,००० कोटींचा आकडा मांडणाऱ्यांनी हा क्रम उलटा गृहीत धरलेला दिसतो.

माणसं आणण्याच्या योजनांची तर आपल्याकडे वाण नाही. परदेशातून परतणाऱ्यांसाठी रामानुजन शिष्यवृत्ती आहे, जीवशास्त्रातल्यांसाठी रामलिंगस्वामी शिष्यवृत्ती आहे. परदेशस्थ भारतीय शास्त्रज्ञाने वर्षातून महिना-दोन महिने इथे येऊन काम करावं म्हणून ‘वैभव’ योजना आहे. २०२५ मध्ये अमेरिकेत संशोधनाच्या अनुदानांवर कुऱ्हाड चालली, सप्टेंबरात नव्या एच-१बी व्हिसासाठी एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं, आणि आता आपली माणसं आपोआप घरी येतील असा एक उत्साह आपल्या वर्तमानपत्रांत दिसला. युरोपने मात्र लेख लिहिण्यात वेळ घालवला नाही. मे महिन्यातच पॅरिसच्या सॉर्बोनमधून ५० कोटी युरोंची घोषणा करून तो गळ टाकून बसला.

परत येणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो पगाराचा नसतो. तो विचारतो, यंत्र कधी येईल? या प्रश्नाचं उत्तर अनेक वर्षं फार वाईट होतं. सरकारी खरेदीच्या सामायिक पोर्टलवर, जिथे खुर्च्या आणि पंखे घेतात तिथेच, प्रयोगशाळेचं नाजूक उपकरणही सर्वांत स्वस्त दराने शोधायची सक्ती. त्यात २०२२च्या जुलैपासून सार्वजनिक संशोधन संस्थांची ५ टक्के जीएसटीची सवलत गेली आणि बऱ्याच उपकरणांवरचा कर १८ टक्क्यांवर गेला. सरकारच अनुदान देणार आणि सरकारच त्यातलं कापून घेणार. २०२५च्या जूनमध्ये अखेर संस्थांच्या संचालकांना आणि कुलगुरूंना पोर्टलबाहेर खरेदीची मुभा मिळाली, निविदेशिवाय खरेदीची मर्यादा एक लाखाची दोन लाख झाली. या बातमीवर शास्त्रज्ञांना झालेला आनंद पाहून मला आनंद व्हायला हवा होता. दोन लाखांसाठी इतका आनंद, हे पाहून जरा ओशाळल्यासारखं झालं.

आणि जे बाहेर गेलेच नाहीत त्यांचं काय? कनिष्ठ संशोधक शिष्यवृत्ती २०२३पासून महिना ३७,००० रुपये आहे. रक्कम वाढावी म्हणून पोरांना रस्त्यावर उतरावं लागतं, आणि वाढलेली रक्कम महिनोन्‌महिने थकते म्हणून पुन्हा. घरभाडं थकलेला विद्यार्थी आणि सॉर्बोनची घोषणा वाचणारा विद्यार्थी एकच असतो.

नारायणगावहून निघून मराठवाड्यात हिंगोली जिल्ह्यात जाऊ. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेची जागा आहे. ४ किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी भुजा, निर्वात नळ्या, त्यांत लेसरचे किरण, आणि गुरुत्वीय लहर गेली की भुजेच्या लांबीत अणुकेंद्राहूनही सूक्ष्म असा फरक. या विद्येत भारताचा हात जुना आहे; आयुकात संजीव धुरंधर आणि त्यांचे विद्यार्थी गोंगाटातून लहर वेचण्याचं गणित मांडत होते तेव्हा जगात अशी लहर कोणी पाहिलेलीही नव्हती. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी अमेरिकेतल्या लायगोने पहिल्या लहरीची घोषणा केली. आठवड्याच्या आत आपल्या मंत्रिमंडळाने प्रकल्पाला तत्त्वतः मंजुरी दिली. भाभांच्या तारेची आठवण व्हावी असा वेग! मग अंतिम मंजुरी, २,६०० कोटी रुपयांची, आली २०२३च्या एप्रिलमध्ये. तत्त्वतः आणि प्रत्यक्षतः यांच्यात सात वर्षं. २०१६ मध्ये ती बातमी ऐकून उत्साहाने पीएच.डी.ला नाव घातलेल्या मुलीचा प्रबंध पुरा होऊन ती परदेशात दुसऱ्या नेमणुकीवर गेली असेल, तेव्हा कुठे औंढ्यात पायाभरणी होत होती.

तिला परत बोलवायचं तर ते आत्ताच बोलवावं लागेल, २०३०च्या सुमारास इमारत तयार झाल्यावर नव्हे. निर्वात नळीची पहिली गळती शोधताना, आरसा पहिल्यांदा टांगताना जो माणूस तिथे असतो, तोच पुढे वीस वर्षं ते यंत्र चालवू शकतो. कल्याणच्या तबकड्या बसवणारी पोरं ऊटीला गेली आणि ऊटीची खोडदला. आणि ती येईल ती एकटी येणार नाही. नवरा कुठे नोकरी करणार, मुलं कुठल्या शाळेत जाणार, आईला रात्री-अपरात्री दवाखाना कुठे, हे प्रश्न घेऊन येईल. औंढ्याची नेमणूकपत्रं यंत्राच्या निविदांच्या आधी निघायला हवीत. त्यांचा खर्च यंत्रांच्या मानाने किरकोळ आहे, बोटीच्या भाड्याइतका.